नोरीनबाईंनी वर केलेला हात

आदरणीय अध्यक्षा ब्रॉनविन हॅस्केटबाई, मंचावर बसलेले नगरपरिषद सदस्य श्री. पेव्हरेल, आजच्या सत्कारमूर्ती नोरीनबाई टकवेल, आणि विलोबँक सायकल मंडळाच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी ग्रॅम ऑडी. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, भाषण मात्र आज पहिल्यांदाच करतोय. बावीस वर्षं नोरीनबाईंनी आपल्याला रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटांवरून फिरवलं. त्यांचं कौतुक करायलाच उभा राहिलोय. पण गेल्या ऑक्टोबरातला तो रविवार वगळून ते कसं करू?

आम्ही नऊ जण होतो. सकाळपासून वारा नुसता घोंघावत होता. हमरस्ता आला तशा नोरीनबाई नेहमीप्रमाणे पुढे थांबल्या, मान कलती केली आणि हात वर करून म्हणाल्या, "चला!" आम्ही निघालो. सगळ्यात मागे मर्विन. त्याचं मागचं चाक डांबरावरून उतरतंय न उतरतंय, तोच दुधाचा टँकर भोंगा वाजवत त्याच्या पाठीमागून गेला.

"आज दुधात पडलो असतो की रे!" मर्विन म्हणाला, आणि आम्ही हसलो. हो, हसलो!

पुढे खिंड ओलांडली, तर वाटेवर निलगिरीचं झाड आडवं पडलेलं. मी बाईंच्या मागेच होतो. मला ते शंभर पावलांवरून दिसलं. वाटलं, आता ब्रेक दाबतील, आता दाबतील. शेवटी ओरडलो, "बाई, झाड!" त्या सरळ झाडावर गेल्या.

मी धावलो. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. "अगं, एवढं मोठं झाड दिसलं नाही तुला?"

"नाही दिसलं, ग्रॅम. दोन वर्षं झाली, समोरचं काही दिसतच नाही. कडेचं गवत तेवढं दिसतं. दोन्हीकडच्या गवताच्या मधोमध चालवते."

मर्विन मटकन खडीवर बसला. "मग मघाशी... रस्त्यावर?"

मंडळी, पोरांची बस चालवायची म्हणून मी दरवर्षी डोळे तपासून घेतले. मला संताप आवरेना. त्यांना बघायला मी इस्पितळातही गेलो नाही. सात आठवड्यांनी बाई माझ्या दारात उभ्या, हात गळ्यातल्या झोळीत.

"आत ये म्हणणार आहेस का?"

"नाही."

"मग इथूनच सांगते. रस्ता मी कानांनी ओलांडायचे. त्या दिवशी वाऱ्यात काहीच ऐकू आलं नाही. तरी हात वर केला."

"का?"

"नाही म्हटलं असतं, तर का नाही तेही सांगावं लागलं असतं."

"तू आम्हाला मारलं असतंस, नोरीन."

"हो." एवढंच. रडणं नाही, सबबी नाहीत.

मग मीही कबूल केलं. बाई रस्त्यात भेटल्या तरी ओळख दाखवत नाहीत, म्हणून दोन वर्षं मी गावभर सांगत होतो, बाईला घमेंड चढलीय. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. बरंच वाटायचं. घमेंडी म्हणा, पण आंधळी म्हणू नका."

मी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कार्यकारिणीला सगळं सांगून नेतृत्व सोडलं. आज हा विषय नको, असं अध्यक्षांनी सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, "बोल, नाहीतर मी येत नाही."

मार्चपासून आम्ही दोघं एकच जोडसायकल चालवतो. मी पुढे, त्या मागे. प्रत्येक रस्त्यापाशी मी पाय टेकून दोन-दोनदा बघतो. मागून आवाज येतो, "म्हातारपणी भित्रा झालास, ग्रॅम!" झालोय. तो टँकर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. रागही पुरता गेलेला नाही, आणि तरी दर रविवारी मीच त्यांना घ्यायला जातो.

आयोजकांचे आणि चहा-केक करणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, तर या जुन्या ड्रायव्हरला सांभाळून घ्या. आणि एक विनंती: नुसते उभे राहू नका, ते त्यांना दिसणार नाही. टाळ्या जोरात वाजवा.