अमीनसाहेबांनी चोर पकडला नाही, त्या अमावास्येविषयी

प्लेगातल्या हलगीचा तो आवाज तेरा वर्षं झाली तरी कानातून जात नाही. "गाव खाली करा होऽ, उंदीर पडायलेत." पण आधी रीत.

सभेचे अध्यक्ष, आळंदचे आडते जगदेवप्पाअण्णा, व्यासपीठावरचे पाटील उद्धवराव, सत्कारमूर्ती गुंडेराव मास्तर, आणि खजुरीच्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

मास्तर उद्या गाव सोडणार. त्यांनी पोरांना शिकवलेल्या कविता मी शाळेच्या खिडकीबाहेर उभा राहून पाठ केल्या. आजही वृत्तात चाललो की गुडघे दुखत नाहीत. पण बोलायचंय ते त्यांच्या हेरकथांविषयी.

अमावास्येला औतं बंद. दुपारी पारावर मास्तर स्वतः लिहिलेली नवी गोष्ट वाचायचे. दहा वर्षं हेर एकच, अमीन म्हणजे फौजदार अजिंक्यराव. शेवटचं पान उरलं की मास्तर वही मिटायचे आणि चोर कोण ते आम्ही सांगायचं. मग त्या पानावर अमीनसाहेब चोराचं मनगट धरायचे. कधी चुकले का? छे!

गेल्या भाद्रपदातली गोष्ट मात्र आमचीच निघाली. प्लेगात माळावर गेलेलं गाव, देवळातून नाहीसा झालेला चांदीचा मुखवटा आणि मागे एकटा राखणदार. आमचा राखणदार मल्लप्पा. फसली सन तेराशे पस्तीसच्या प्लेगानंतर त्याला आम्ही बायकोपोरांसकट हाकललं. मास्तर तेव्हा गावात आलेही नव्हते.

वही मिटली. एक जण म्हणाला, "राखणदारच हाय. दुसरं कोन?" तो मी. बारा वर्षांपूर्वी मल्लप्पाचं नाव पहिल्यांदा घेणाराही मीच.

मास्तरांनी पान उघडलं. अमीनसाहेबांनी कुणाचंच मनगट धरलं नाही. ते पुजाऱ्याच्या विधवेपुढं मांडी घालून बसले. माळावर आले तेव्हा पुजारीबुवांच्या धोतराला काय लागलं होतं? ज्वारीचा भुसा, ती म्हणाली. पण गावातली जमिनीखालची धान्याची पेवं तर आदल्या दिवशीच लिंपलेली. मग बुवा कुठल्या पेवात उतरले होते? तिथंच गोष्ट संपली. चोर नाही, बेडी नाही.

आमचा पुजारी माळावर तिसऱ्याच दिवशी, कुणाला काही न सांगता, प्लेगानं गेला होता. त्याची विधवा राजूबाई पाराखाली बसली होती, ती उठली. "व्हय, मीच सांगितलंय मास्तरला. बारा वर्सांत मला कुनी इचारलंच न्हाई."

देवळामागचं एक पेव तेवढं तेव्हा लिंपायचं राहिलं होतं; पुढं पाणी शिरलं म्हणून ते बुजवलेलं. पहारी आणल्या, भीमण्णा आत उतरला, आणि काळ्या पडलेल्या ज्वारीतून देवाचा चेहरा वर आला. जन्मभर मी अद्भुत रसाच्या ओळी घोकल्या; अंगावर काटा त्या दिवशी आला. एका वहीनं जमिनीखालचं दाखवलं होतं.

मल्लप्पा ठाणाकुशनूरला सासुरवाडीत असतो, हे कळलं. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत आठ महिने गेले. आजचं बोलावणं धाडायलाही आम्हाला तोंड नव्हतं. मास्तर, तुम्ही चाललात आणि तुमची गोष्ट आम्ही अर्धीच ठेवली.

असो. सतरंज्या देणाऱ्या काशप्पांचे, चहा करणाऱ्या गौरम्माअक्कांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं...

दारात कोण हाय? सरका जरा, वाट द्या.

मल्लप्पाअण्णा, आत या.

मास्तरांना भेटायला आलाय? व्हय, आधी त्यांनाच भेटा. मी हितंच उभा हाय.