भट्टीचा तिसरा दिवस

बिझेक : ठेव ते लाकूड खाली, एलिनाती. ऐकलंस ना? माझी बहीण गेली. आता ह्या भट्टीत काडीसुद्धा पडायची नाही.

एलिनाती : ऐकलं, काका. फार वाईट झालं. आत्यांनी मला लहानाची मोठी होताना पाहिलं. तुम्ही जा. मी आहे इथं.

बिझेक : तू आहेस म्हणजे? गावात मयत पडलेलं असताना कुणी काम करतं का? आपल्यात कधी झालंय असं?

एलिनाती : आज तिसरा दिवस आहे. तुम्हीच म्हणालात, चार दिवस जाळ तुटता कामा नये.

बिझेक : म्हणालो. तेव्हा बहीण जिवंत होती.

एलिनाती : मागच्या खेपेलाही तिसराच दिवस होता.

बिझेक : तो विषय नको, बाई.

एलिनाती : का नको? माझा नवरा गेला म्हणून तुम्ही भट्टी विझू दिलीत. इथलीच लाकडं नेऊन त्याच्या मयताचं जेवण रांधलंत. मीही रडत रडत दोन घास खाल्ले. आणि मग त्याच विटांची शाळा बांधलीत.

बिझेक : शाळेला मदत देणाऱ्या संस्थेची माणसं पत्रे अन् सिमेंट घेऊन दारात उभी होती. म्हणाली, विटा तेवढ्या तुमच्या. पुन्हा भट्टी लावायला लाकूड कुठून आणायचं? डोंगर बोडका झालाय.

एलिनाती : विटा वाजवून बघितल्या होत्या का? खरं सांगा.

बिझेक : बघितल्या होत्या.

एलिनाती : मग?

बिझेक : भद्द वाजल्या. पण तू दुःखात बुडालेली. तुझ्या नवऱ्याच्या मयतापायी विटा कच्च्या राहिल्या, असं कोणत्या तोंडानं बोलू? वाटलं, वरून गिलावा केला की निभेल.

एलिनाती : निभलं की. दोन पावसाळे निभलं. मग मुलांजे डोंगरावरून वादळ उतरलं, आणि शाळेची भिंत माझ्या पोरीच्या, तियामिकेच्या अंगावर पडली.

बिझेक : रोज दिसतं गं ते मला. शिव्या दे, थोबाडीत मार. पण असं शांतपणे नको बोलू.

एलिनाती : शिव्या देऊन विटा भाजतात होय? सरका, मला लाकूड घालू द्या.

(गावची प्रमुख नामालोम्बा डोक्यावर मक्याच्या पिठाची टोपली घेऊन येते.)

नामालोम्बा : अरे बिझेक, तिकडं बायका रडायच्या खोळंबल्यात आणि तू इथं गप्पा मारतोयस? चल. ही लाकडं न्यायला गडी येतायत, मयताच्या घरी सरपण नाही.

एलिनाती : ही लाकडं मिळायची नाहीत, नामालोम्बा आई.

नामालोम्बा : काय म्हणालीस?

एलिनाती : माझं घर उकला. छपराचे वासे न्या, दाराची फळी न्या. ह्यांना हात लावू नका.

नामालोम्बा : डोकं फिरलं हिचं! अगं, शाळेच्या विटा काय, पुन्हा पाडू.

एलिनाती : आपण पुन्हा पाडत नाही, आई. पोरं किती दिवस झाडाखाली बसणार म्हणतो, आणि कच्च्याच रचतो.

नामालोम्बा : हे बघ, मलाही नातवंडं आहेत शाळेत. पण रीत ती रीत. जो दुसऱ्याच्या मयताकडे पाठ फिरवतो, त्याची कबर गाव खणत नाही. गावची प्रमुख म्हणून ते मलाच बोलावं लागेल, आणि माझ्या जिवावर येईल. उद्या तू मेलीस तर तुझ्या मातीला कुणी यायचं नाही.

एलिनाती : नका येऊ. माझ्या पोरीच्या मातीला सगळं गाव आलं होतं. घरी एक माणूस राहिला नव्हता.

नामालोम्बा : बिझेक, अरे, मेलीय ती तुझी बहीण. तूच सांग हिला काहीतरी.

बिझेक : भट्टीच्या मधल्या तोंडात आधी लाकूड घाल, एलिनाती. विटा तिथंच कच्च्या राहतात.