नकाशावरचं बोट

परीक्षक : वाट दाखवणारा स्क्रीन बंद ठेवलाय तो नियमानेच, कॅप्टन. आज परवाना वाढवून हवा असेल तर नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ, बस्स.

कॅप्टन : माहितीये. तुमच्या जन्माआधीपासून उडतोय मी. मला कशाला अ आ ई शिकवताय?

परीक्षक : मग सांगा, आत्ता आपण कुठे आहोत?

कॅप्टन : हे काय, माझं बोट आहे तिथे. खाली नदी, नदीवर रेल्वेचा पूल. पेन्सिलीच्या रेघेवर हीच खूण आहे.

परीक्षक : पुलापुढे नदी कुठे वळते?

कॅप्टन : डावीकडे.

परीक्षक : आणि नकाशात?

कॅप्टन : उजवीकडे. नकाशा जुना असेल. नद्या काय, पात्र बदलतात.

परीक्षक : आणि टेकड्या? नकाशात पुलाशेजारी टेकडी आहे. खाली दाखवा बरं मला.

कॅप्टन : धुरकट आहे. दिसेल पुढे.

परीक्षक : मघाशी डावीकडून वारा वाढला, तुम्ही दिशा सुधारली नाहीत. आपण उजवीकडे वाहत आलो. पहिली नदी दिसली की तुम्ही बोट टेकवून मोकळे! मग खालचं काही जुळलं नाही की नकाशाला नावं ठेवायची. जुनीच खोड तुमची.

कॅप्टन : जुनी? आपण आजच भेटतोय, बाई.

परीक्षक : तुम्ही मला आज भेटताय. मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते. आमच्या घरात तुमचं नाव निघालं की आई भरल्या ताटावरून उठायची.

कॅप्टन : म्हणजे?

परीक्षक : तुमच्या शेजारी मांडीवर नकाशा घेऊन कोण बसायचं, आठवतं? धुक्यात विमान शेतात आपटलंत, चाकं मोडलीत, आणि चौकशीत बेधडक सांगितलंत, ह्याचं बोट चुकीच्या नदीवर होतं.

कॅप्टन : तू... त्याची पोरगी? पण आडनाव?

परीक्षक : सासरचं.

कॅप्टन : अस्सं! म्हणजे मला नापास करायला आलीस.

परीक्षक : ते तर तुमचे तुम्हीच होताय. मी बघायला आले. मुद्दाम मागून घेतली ही चाचणी. ही ती नदी नव्हे, असं बाबा तेव्हा तीनदा म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, गप्प बस.

कॅप्टन : हे बघ, पुरे झाला खेळ. स्क्रीन लाव.

परीक्षक : नाही लावणार. इंधन भरपूर आहे आणि वाट मला ठाऊक आहे. वाट चुकलेल्या वैमानिकानं काय करायचं असतं?

कॅप्टन : रेडिओवर सांगायचं. अगं, पण सगळे ऐकतील! चाळीस वर्षांची अब्रू आहे माझी.

परीक्षक : बाबांचीही होती. चौकशीनंतर त्यांना कुणी विमानात पाऊल ठेवू दिलं नाही. खाली टॉवरमध्ये एक खुर्ची दिली. आत्ता रेडिओवर तेच आहेत. बोला.

(कॅप्टन रेडिओच्या बटणावर अंगठा ठेवतो. मग दाबतो.)

कॅप्टन : टॉवर... मी कुठे आहे ते मला कळत नाहीये.

टॉवर : ओळखला आवाज. तुमच्या आवाजावरूनच दिशा काढतो, पण इथल्या यंत्राचा काटा स्थिर व्हायला हवा. बोलत राहा.

कॅप्टन : एक, दोन, तीन, चार...

टॉवर : आकडे नकोत. नकाशा कोण वाचतंय, ते सांगा.

कॅप्टन : मी.

टॉवर : बोट कुणाचं?

कॅप्टन : माझं.

टॉवर : कुठे ठेवलंय?

कॅप्टन : चुकीच्या नदीवर.

टॉवर : सावकाश, पूर्ण वाक्यात. इथे बाकीचेही बसलेत, त्यांनाही नीट ऐकू गेलं पाहिजे.

कॅप्टन : चुकीच्या नदीवर बोट माझं होतं. तुझं नव्हतं.

टॉवर : पुन्हा एकदा.

कॅप्टन : तुझं नव्हतं रे.

परीक्षक : बाबा, मिळाली का दिशा?

टॉवर : ती पहिल्याच वाक्याला मिळाली होती, बाळा. कॅप्टन, डावीकडे वळा. नकाशावरचं बोट उचला आणि आता खाली बघा.