देवघराच्या दारावरची खडूची खूण

मी, भिमाजी नथू ओव्हाळ, वय ७४ वर्षे, शिक्षण चौथी उत्तीर्ण, धंदा सुतारकाम, राहणार आंबी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज दिनांक २४/०२/२०२५ रोजी सकाळी ११ वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन जबाब देतो की,

मी देहूरोड येथील लष्करी डेपोत एकतीस वर्षे सुतार होतो. गेली दोन वर्षे मी एका संस्थेकडे लाकूड तपासतो. ही संस्था पाडायच्या इमारतींतील दारे, खिडक्या, कौले आधी काढून घेते व दुसऱ्या बांधकामांत बसवते. कोणता नग कोणत्या दिवशी निघेल व कुठे जाईल, याचा तक्ता प्रकल्प व्यवस्थापक चैतालीताई आखतात. तक्ता एक दिवस चुकला तर चांगले सागवान जेसीबीखाली जाते, हे मी पाहिलेले आहे.

खंडाळ्यातील एक बंगला शुक्रवार, दि. २१ रोजी पाडायचा होता. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास चैतालीताईंनी तेथे मला खडू दिला व म्हणाल्या, "आबा, दोन मिनिटं ऐकून घ्या. या वेळी खुणांची पद्धत वेगळी आहे."

मी म्हणालो, "ताई, तुमच्या जन्माआधीपासून मी लाकडावर खुणा करतोय. वाचून दाखवायची गरज नाही."

त्यांनी तक्ता माझ्या हाती दिला. मी तो घडी घालून खिशात ठेवला. चष्मा घरी राहिला होता. ते मी सांगितले नाही.

न्यायच्या नगावरच खूण करावी, मालक ठेवणार असलेला नग कोरा सोडावा, असे तक्त्यात होते. डेपोत आम्ही निरोगी लाकडावर खूण करीत असू. देवघराचे दार मी ठोकून पाहिले. वाळवी नव्हती. मी खूण केली.

गुरुवारी दुपारी टेंपोचालक हनुमंत याने मला विचारले, "आबा, ह्यो पन न्यायाचा? देवाचा दरवाजा दिसतोय. मालकाला इचारू का?"

मी म्हणालो, "खूण हाय न्हवं? तू गाडी हाक, लाकडाचं मी बघतो."

"डेपोचं सायेब म्हंत्यात म्हंजी व्हय," असे म्हणून त्याने दार उचलले.

आंबीच्या बालवाडीला एक दार द्यायचे होते. टेंपोतून उतरवलेल्या दारांतून हे मी निवडले. चौकटीत बसावे म्हणून ते खालून दीड इंच कापले व बसवले.

शनिवारी मालकांनी हनुमंतवर चोरीची तक्रार दिली. दार त्यांच्या आईच्या देवघराचे आहे, असे मला कळले. काल हनुमंतला चौकशीसाठी येथे आणले. सायंकाळी त्याची पत्नी हिरा माझ्या दारात आली. ती म्हणाली, "आबा, खूण तुमची व्हती का त्यांची?" ती आत आली नाही, बसली नाही. मी तिला उत्तर दिले नाही.

ते येथे देतो. खूण माझी. हनुमंतने विचारले होते, मी त्याला गप्प केले. चैतालीताईंचा तक्ता बरोबर होता. दार मी स्वतःच्या हाताने काढून मालकांना पोहोचवीन. दीड इंच परत देता येणार नाही.

आज चष्मा माझ्याजवळ आहे. तरीही हा जबाब मी अंमलदारांना मोठ्याने वाचण्यास सांगितला व मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकला. तो मी सांगितल्याप्रमाणेच लिहिलेला आहे.

(सही) भिमाजी नथू ओव्हाळ