माळावरचा सत्कार

सकाळी नऊ वाजता पाटसच्या थांब्यावर कुशाबाई आणि त्यांचा पुतण्या मल्हार दौंडच्या गाडीची वाट बघत होते. मल्हार ग्रामपंचायतीत सदस्य आहे.

"उद्या देवस्थळी सरांचा सत्कार हाय, काकू."

"रेडिओवर लांडग्यांचं सांगत्यात, त्येच?"

"व्हय. त्यांच्या हातनं माळावर झाडं लावायची. आज जेसीबीनं खड्डे घेतोय."

"आरं, लांडगीन पिल्लं घिऊन तिथंच हाय की!"

"मग तिला सावली हुईल."

"सावली तुमच्या सभेला पायजे. त्यो मानूस इतकी वरसं एकच सांगतोय, गवताचा माळ हाय तसा ऱ्हाऊ द्या, झाडं लावू नका. तू कवा ऐकलंस?"

"न्हाई ऐकलं. पर नुसत्या गवतापुढं सत्कार कसा करायचा? फोटोत काय दिसंल?"

"आपली मेंढरं हुती तवा लांडग्यानं कोकरू नेलं, तर तुझा आजा म्हनायचा, त्याचा वाटा त्यानं नेला. पर त्याचं बीळ कुनी उकरलं न्हाई."

"सरपंचास्नी फोन लावू का?"

"मला काय इचारतोस? लाव."

गाडी सुटली तेव्हा मल्हारने तिसऱ्यांदा फोन लावला होता. सरपंच उचलत नव्हते. खिडकीबाहेर जेसीबी माळाच्या रस्त्याला वळत होता.