अकरा वाजून चार मिनिटांची नोट

पुरवणी जबाब देणार : लिफ्ट दुरुस्तीचा मेकॅनिक, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार बहिणीच्या घरावरची खोली.

आज सोमवारी सकाळी दहा वाजता मी आपणहून ठाण्यात आलो आहे, मला कोणी बोलावलेले नाही. ठाणे अंमलदारांसमोर बसून सांगतो की, मागच्या बुधवारी मी याच टेबलापाशी एक जबाब दिला होता. त्यात ‘मला कोणतीही नोट मिळाली नाही’ असे वाक्य आहे. ते वाक्य खोटे आहे. बाकीचे खरे असले तरी त्या एका वाक्यामुळे त्याला काही अर्थ उरत नाही, म्हणून सगळे पुन्हा सांगतो.

जखमी इसम हे माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वय ५१ वर्षे. आम्ही एकाच कंपनीत आहोत. हे काम त्यांनीच मला शिकवले. नऊ वर्षे आम्ही जोडीने जातो, एकजण वर मशीनच्या खोलीत आणि एकजण खाली लिफ्टच्या खड्ड्यात. ओरडून सांगितलेले नीट कळत नाही, म्हणून मोबाइलवर कामाची एक वही ठेवली आहे. एकाने त्यात लिहिले की ते दुसऱ्याच्या मोबाइलवर आणि हत्यारांच्या पिशवीतल्या टॅबवर आपोआप उमटते. एकाने खोडले की सगळीकडून खोडले जाते. त्यासाठी फक्त नेट चालू लागते.

याच वहीत भावोजी इंटरनेटवरचे लेख साठवतात. जुन्या ब्रेकवरचे लेख असतात, तसे गुडघेदुखीवरचे असतात, घोरण्यावरचे असतात. मी त्यांना अनेकदा म्हटले आहे की ही वही कामाची आहे, तुमचे कपाट नाही. ते म्हणतात, “असू दे रे. कधी काय उपयोगी पडेल सांगता येतं का?” घटनेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत नऊ लेख आले. नववा लेख गोगलगाय किती झोपते यावर होता. माझे डोके फिरले आणि मी वहीची घंटी बंद केली. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी या ठिकाणी विचारले की गोगलगायीचा इथे काय संबंध. संबंध आहे, ते लिहून घ्यावे.

मंगळवारी आम्ही एका पाच मजली इमारतीत गेलो. खड्ड्यात लिफ्ट थांबवायचे लाल बटण असते, ते खराब झाले होते आणि बदलायचे होते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी करून १०.४० ला मी वरचा मेन स्विच बंद केला व भावोजी खाली उतरले. १०.५८ ला वहीत त्यांची नोट आली, ‘जुने बटण काढले, तारा जोडून ठेवल्या. बाहेर आलो. एकदा चालवून बघ.’ मी तिचीच वाट पाहत होतो म्हणून लगेच वाचली. मशीनचे झाकण उघडे होते, ते बसवण्यात काही मिनिटे गेली.

११.०४ ला माझा मोबाइल समोरच्या पेटीवर पडलेला होता. वहीवर लाल ठिपका आला, म्हणजे नवीन काहीतरी आले. मला ठिपका दिसला. भावोजी मोकळे झाले आणि लागले लेख पाठवायला, असे समजून मी तो उघडला नाही. ११.०६ ला मी मेन स्विच चालू करून लिफ्ट वर घेतली. लिफ्ट वर जाते तेव्हा तिचे लोखंडी वजन खाली येते. लाल बटण काढलेले असल्याने खालून थांबवायची सोय नव्हती. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, पेशंटपैकी कोणी आत पडू नये म्हणून भावोजींनी उतरल्यावर दार आतून ओढून घेतले होते, ते उघडे असते तर लिफ्ट हललीच नसती. मला खालून आवाज आला. तो कसा होता हे मी बुधवारी सांगितले नाही, आजही सांगणार नाही.

पाच मजले पळत उतरताना मी ठिपका उघडला. नोट अशी होती, ‘थांब रे. पाना खाली राहिला. परत उतरतोय. मी सांगेपर्यंत चालू करू नकोस.’ ही नोट मला पाठ आहे.

भावोजींचा डावा पाय घोट्याच्या वरून कापून काढावा लागला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आमचे सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाले, “नोट पोचलीच नाही म्हण. नेटचा दोष. नेटला काय कोणी आत टाकणार आहे?” मी तसेच सांगितले. हा दोष सुपरवायझरांचा नाही, तोंड माझे होते.

गुरुवारी दुपारी मी भावोजींपाशी बसलो. माझा जबाब ताईकडून त्यांना कळलेला होता. मी म्हटले, “भावोजी, तुमची नोट आली होती.”

ते म्हणाले, “कसली नोट? मी लिहायलाच विसरलो.”

“मी ठिपका पाहिलाय.”

“ठिपका होय? गोगलगाय असेल ती.” मग म्हणाले, “हे बघ, पाय मला दोन होते. तुझ्या ताईला भाऊ एकच आहे. आता हा विषय बंद.”

४.१० ला मी खाली औषधे आणायला गेलो असताना वही उघडली, तर ती नोट नव्हती. त्यांनी आपल्या मोबाइलवरून खोडली, म्हणून माझ्याकडूनही गेली. मला हायसे वाटले. हे लिहावे, कारण याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

शनिवारी कंपनीचे पत्र घरी आले. जोडीदाराला न कळवता खड्ड्यात उतरल्याने दोष भावोजींचाच, असे त्यात आहे. ताईने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले. मला म्हणाली, “सांगितल्याशिवाय उतरायचं नाही, हे त्यांनीच तुला शिकवलं ना? मग स्वतः असे कसे उतरले?” मी ताट तसेच ठेवून वर गेलो. तेव्हापासून मला धड बसता येत नाही. आता जबाब देतानाही मी दोनदा उठलो आणि हवालदारांनी मला बसायला सांगितले.

रविवारी मला टॅबची आठवण झाली. घटनेच्या वेळी तो वर माझ्यापाशी होता आणि माझ्याच मोबाइलच्या नेटवर चालत होता. नंतर तो पिशवीत गेला, तो नेटला पुन्हा जोडलेला नाही. मी आधी घरातले नेट बंद केले, मोबाइल बंद केला, मग टॅब उघडला. अकरा वाजून चार मिनिटांची नोट त्यात आहे. भावोजींनी सांगितले होते, मी पाहिले नाही. चूक माझी आहे.

ताईला अजून काही सांगितलेले नाही. इथून सोडल्यास आधी तिच्याकडे जाणार आहे.

वहीची घंटी मी आता चालू ठेवली आहे. जबाब चालू असताना ती दोनदा वाजली, दोन्ही वेळा मी उघडून पाहिले. भावोजींनी हॉस्पिटलमधून लेख साठवले आहेत. एक कुबडीची उंची कशी घ्यावी यावर आहे, दुसरा गोगलगायीवर.

हवालदारांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘ठिपका दिसला, पण उघडला नाही’ या अर्थाची वाक्ये तशीच ठेवायची का, असे त्यांनी विचारले. तशीच ठेवावीत असे मी सांगितले. लिहिलेले सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करतो. टॅब सोबत जमा केला आहे. तो कोणीही नेटला जोडू नये, जोडताक्षणी नोट पुसली जाईल आणि मी पुन्हा सुटेन.