सरळ केलेली चाकं

हॅलो?

हॅलो… चिमणे, तू? मॅच संपली एवढ्यात?

मोठ्याने बोल, इथे कॉम्प्रेसर चालू आहे. गॅरेजमध्ये आलेय मी, अप्पा चष्मा घरी विसरले होते तो द्यायला… हो, आहेत ना. गाडीखाली आहेत, नुसते पाय दिसतायत… का गं? आवाज असा का येतोय तुझा?

पडलीस?

अगं, मग त्यात काय, तुम्ही व्हीलचेअर बास्केटबॉलवाल्या उठताबसता पडत असता… थांब, थांब. नुसती वळलीस आणि खुर्ची उलटली? कुणाचा धक्का नाही, काही नाही?… आणि हाताला काय झालं? बोटं? दोन खुर्च्यांच्या चाकांमध्ये? आई गं!… मूठ वळून बघ. वळतेय ना? मग हाड शाबूत आहे. बर्फ लाव. लावलास? बरं.

अगं ऐक ना, रडू नकोस. ही मॅच गेली तर गेली. संघाची निवड दुपारच्या मॅचवर पण आहे ना? कोच मॅडमच म्हणाल्या होत्या… मग?

चाकं? चाकांना काय झालं?

सरळ आहेत म्हणजे?

नाही बाई, मी कशाला हात लावू?… हो, हो, माहीत आहे मला. तुझ्या खेळाच्या खुर्चीची चाकं तिरकी असतात. वरून आत, खालून बाहेर. पाया रुंद होतो, गर्रकन वळलं तरी उलटत नाही, हात पण वाचतात… हो गं, पाठ झालंय मला. मग सरळ झाली कशी?

आणि सकाळी दिसलं नाही तुला?… हां, चाकं काढून पिशवीत. बरोबर. तिथे गेल्यावर लावलीस ती थेट मैदानात… नाही, नाही, तुझी चूक म्हणत नाहीये मी. घाईत कोण बघतं?

कसल्या पाचरी?… चाक जिथे अडकवतात तिथे, आतून… ॲल्युमिनियमच्या. बरं. पडल्या असतील कुठेतरी… हो, खरंय. दोन्हीकडच्या एकदम कशा पडतील?

थांब.

चिमणे, काल संध्याकाळी खुर्ची गॅरेजमध्ये होती ना?… नाही, काही नाही, थांब जरा. अप्पांच्या टेबलावर बशी आहे. चहाची. त्यात दोन पाचरी आहेत. स्वच्छ पुसलेल्या.

हो. त्याच असणार.

अप्पा! अप्पा, बाहेर या जरा… आत्ता या. चिमणीचा फोन आहे. खुर्चीच्या ह्या पाचरी तुम्ही काढल्यात?… नाही अप्पा, खूश नाहीये ती. पडलीय.

चिमणे, ओरडू नकोस. विचारतेय ना मी? ते म्हणतायत, कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरकेपणा, पार बिघडला होता म्हणून काढल्या… अगं, ताईला काय ओरडतेस, ते काय म्हणतात ते सांगतेय. गाडीचं चाक केसभर तिरकं चालतं, त्याहून जास्त झालं की टायर एका कडेने खाल्ला जातो, गाडी ओढते. एवढं तिरकं चाक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणा अडाण्याने पाचरी ठोकल्यात असं वाटलं त्यांना.

नाही, मला नव्हते बोलले. बेअरिंगला ग्रीस पण घातलं म्हणे. सकाळी घरातून निघताना एवढंच म्हणाले, आज चिमणीची खुर्ची बघ कशी पळते. मला वाटलं, नुसती पुसली असेल.

काय अप्पा?… हो, तुम्हाला कॅम्बर शिकवण्याएवढी मोठी नाही झाले मी. पण ही गाडी नाहीये. हिला लांब पळायचं नसतं, जागच्या जागी वळायचं असतं. आमच्या यार्डात पुलाचे गर्डर ओततो ना आम्ही, ते मधे वर उचललेलेच ओततो. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, वाकडा झाला. मुद्दाम केलेला असतो अप्पा! पुलाचा भार पडला की बसतो खाली. सपाट ओतला तर पोट सुटेल त्याचं… नाही, तुम्हाला हसत नाहीये मी.

अगं आहे, आहे मी फोनवर. त्यांना समजावत होते… कळलंय त्यांना. चेहरा बघ म्हणजे… बरं, बघता येत नाही तुला, माहीत आहे. उतरलाय.

आता उपाय बोल. दुसऱ्या कुणाची खुर्ची?… मापाची नाही. हं. कंबर बसणार नाही त्यात. पाचरी कुणाकडे जादा?… नाहीत. कोच मॅडम काय म्हणतात?… याच खुर्चीवर खेळ किंवा नाव मागे घे? असं कसं म्हणतात त्या? अगं, वर्षभर पहाटे उठून घाम गाळलास तो काय…

नाही, मुद्दाम नाही केलं त्यांनी. चिमणे. वडील आहेत ते आपले, मुद्दाम नाही गं.

काय म्हणालीस?

पुन्हा म्हण… नको. नकोच म्हणूस. पाय सरळ होईनात म्हणून खुर्ची सरळ केली? असं बोलवतं तरी कसं तुला?

हो, नेलं त्यांनी तुला दहा डॉक्टरांकडे. हो, तू नको म्हणत होतीस तरी नेलं. माहीत आहे मला, मीच असायचे बरोबर. आणि ती खुर्ची घरात आली तेव्हा तोंड फिरवून बसले, तेही माहीत आहे. दारात असली तर बाजूने जायचे, सरकवायचे पण नाहीत. पण काल पहिल्यांदा हात लावला ना त्यांनी? आपण होऊन लावला. तुझ्या मॅचसाठी. लावला तो नेमका…

हळू बोल. तुझा आवाज फोनच्या बाहेर येतोय.

ऐकलं त्यांनी.

सगळं ऐकलं, चिमणे. पाना खाली ठेवला. हात पुसत पुसत बाहेर गेले.

आता कशाला रडतेस? रडू नकोस. त्यांना कळतं तू रागात बोललीस ते… नाही, कुठे जातायत, नळावर गेले असतील. हात धुवायला. येतील. मग मी सांगते त्यांना…

एक मिनिट हं. हो काका? तुमची गाडी?… येतील ना, आत्ता येतील. नाही, अर्धवट सोडून कसे जातील? आजवर कुणाची गाडी रॅम्पवर ठेवून गेले नाहीत ते. तुम्ही बसा. पेपर वाचा.

गिऱ्हाईक आहे गं. त्यांची गाडी वर चढवलेली, एक चाक काढलेलं… हो, ऐकतेय, बोल. अप्पांना फोन देऊ? थांब, बघते. अप्पा!

अप्पा?

नळावर नाहीत.

चिमणे… बशी रिकामी आहे.

अगं पाचरी गं! बशीतल्या पाचरी नाहीत. पाना पण नाही, इथेच ठेवला होता… थांब, दारात येऊ दे मला… व्हॅन गेली! ती बघ, ती वळली कोपऱ्यावरून. अप्पाच आहेत!

तुझ्याकडेच, दुसरीकडे कुठे? अगं, हो! गाडी रॅम्पवर तशीच सोडून!

हो काका, गेले. हो, तशीच. ओरडा माझ्यावर, चालेल. मी आहे इथे.

फोन कुठला करतेस त्यांना? फोन इथे बॉनेटवर पडलाय. आणि चष्मा… नाही, चष्मा दिसत नाही, डोळ्यांवरच असेल. असू दे बाबा… पोहोचतील का? मला काय माहीत? रस्ता मोकळा मिळाला तर तुमच्या मॅचच्या आधी पोहोचतील. नाही मिळाला तर… कोच मॅडमना सांग, नाव मागे घेत नाहीये मी. शेवटपर्यंत घेऊ नकोस.

आणि ऐक. मैदानाच्या फाटकाशी तू स्वतः जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. माफी वगैरे राहू दे, त्यांना ते जमत नाही, ते आणखीच अवघडतील. पाचरी घे, चाकं काढून दे. बसवतील ते. कुठली बाजू वर ते तू सांग, ऐकतील.

पण बसवून झालं की ते निघतील. गाडी रॅम्पवर आहे, गिऱ्हाईक बसलंय, असं म्हणतील. सोडू नकोस. आत ने. पुढच्या रांगेत बसव… नाही आले कधी, माहीत आहे. मला बघवत नाही म्हणतात. पडेल म्हणतात.

मग पड ना! पडायचंच असतं त्यात. त्यांच्यासमोर पड. चिमणे, जिन्यावरून पडलीस, पाय गेले, तेव्हा खाली तेच उभे होते. त्यांनी तुला पडतानाच पाहिलंय गं. उठताना कुठे पाहिलंय?

हं… हं.

जा, बोलावतायत तुला. फाटकाशी जाऊन थांब.

हो काका, आले… ठेवते गं.